चुकलेला हत्ती

रमणदा चोर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना तुमच्या मनात क्षणभर जरी शंका आली ना, तर माझं डोकं फिरेल. मी प्रशांत. मस्कतला फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये पॉलिशवाला. रमणदा त्याच वर्कशॉपमध्ये लेथवर असतो, आणि हमरियातल्या एकाच खोलीत त्याच्या खाटेशेजारी माझी खाट आहे. चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत त्या माणसाने माझा साबणसुद्धा न विचारता वापरला नाही. आणि त्याला म्हणे चोर!

रमण मेस्त, सावंतवाडीकडचा कातारी. कातारी म्हणजे लाकूड फिरतं ठेवून त्याला पटाशी लावायची आणि गोलाई काढायची, हा ज्याचा पिढीजात धंदा तो. त्याचा बाप लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर, लाकडी खेळणी करायचा. घरात वीज नव्हती. लेथला दोरी गुंडाळलेली असायची आणि ती दोरी ओढायला सात वर्षांचा रमण. एकदा इकडे, एकदा तिकडे. लाकूड सुलट फिरलं की बाप पटाशी टेकवायचा, उलट फिरलं की उचलायचा. दिवसभर हेच. "दोरी ओढताना डुलकी लागली तर बापूस पटाशीच्या मुठीन हाणी," असं रमणदा हसत सांगतो. मला नाही हसू येत.

तिशीत तो मस्कतला आला तो मत्रहच्या बाजारात, कासमशेठच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. ओमान सोडून जाणारे गोरे लोक घरातलं काय काय विकून जायचे, कासमशेठ ते घ्यायचे, आणि मोडलेलं रमणदा दुरुस्त करायचा. आठ वर्षं केलं. कासमशेठनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, वस्तू हातात आली की आधी उलटी करायची. वरून सगळेच बघतात, बूड कुणी बघत नाही, आणि खरं काय ते बुडाला असतं. दुसरी, आपण जे नवीन केलं त्याच्या बुडाला आपली खूण करायची, म्हणजे आपलं काम जुनं म्हणून कुणी कुणाच्या गळ्यात मारणार नाही. तेव्हापासून रमणदा तापल्या सुईने एक अक्षर कोरतो. पाय केला तर पा. मूठ केली तर मू. आपलं मराठी अक्षर.

कासमशेठ गेले, दुकान मिटलं, आणि रमणदा आमच्या अर्बाबकडे आला. अर्बाब म्हणजे मालक, यासिर नाव. माणूस वाईट नाही, पण धंदेवाला. एकदा त्याने रमणदाला एक नवी कोरी पेटी दिली आणि म्हणाला, चहाचं पाणी मार, बुटाचं पॉलिश घास, जुनी करून दे. रमणदा म्हणाला, "नवी है अर्बाब. नवी बोलके बेचो." अर्बाब तीन आठवडे त्याच्याशी बोलला नाही. नंतर मात्र गिऱ्हाईक आलं की हाच अर्बाब छाती फुगवून सांगायचा, आमच्याकडे असला एक माणूस आहे. असला म्हणजे कसला, ते दोघांनाही माहीत.

तर त्या पटाची गोष्ट.

अल् घुब्रात राहणारे राजीव खांबेटे म्हणून एक साहेब आहेत. मूळचे पुण्याचे, इथे मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्यांच्याकडे आजोबांचा बुद्धिबळाचा पट होता. सोंगट्या अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल, सगळ्या कातीव. फ्लॅट बदलताना पांढऱ्याचा एक उंट हरवला. आपल्या लोकांच्या एका कार्यक्रमात घरोघरचे जुने ठेवे मांडायचे ठरलं होतं, त्यात हा पट जायचा होता, म्हणून साहेब उंट करून घ्यायला आमच्याकडे आले. अर्बाबला त्यांनी इंग्रजीत सांगितलं, बिशप हवाय. पट हस्तिदंताचा आहे, आजोबांना एका राजेसाहेबांनी बक्षीस दिलेला, जपा. अर्बाबने पेटी कपाटात ठेवली आणि कार्डावर अरबीत लिहिलं, फील, एक.

आता मजा ऐका. आपण कोपऱ्यातल्या सोंगटीला हत्ती म्हणतो आणि तिरक्या चालणाऱ्याला उंट. अरबांच्यात तिरका चालतो तोच फील, म्हणजे हत्ती. आमचा क्लार्क सिराज, हैदराबादचा. अरबी फाडफाड, पण बुद्धिबळ घरी शिकलेला, आपल्यासारखंच. त्याने कार्ड वाचलं, पेटीतून कोपऱ्यातली सोंगटी काढली, रमणदाच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "चच्चा, ऐसा एक हाथी बनाना."

रमणदाने सोंगटी हातात घेतल्याबरोबर उलटी केली. बघतच राहिला. मी म्हटलं, काय झालं? "हां हाड आसा," म्हणाला, "आणि हां मी आधी खयतरी बघितलंय." मग तो मांसवाल्याकडून उंटाच्या नळीचं हाड घेऊन आला, सोडा घालून उकळलं, चार दिवस गच्चीवर वाळवलं, आणि मशीनवर हत्ती कातला. असा कातला की मी दोन्ही शेजारी ठेवले आणि माझी फसगत झाली. रमणदाने बुडाला कोरलं होतं, ह.

हत्ती पेटीत घालायला सिराजने पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. पांढऱ्याचे हत्ती तीन, उंट एकच! अख्खं वर्कशॉप हसलं. अर्बाब हसला. रमणदा तेवढा हसला नाही. म्हणाला, पेटी माझ्याकडे दे, मी सगळ्या सोंगट्या बघून नीट उंट करतो. अकरा दिवस पेटी त्याच्या बाकावर होती. उंट अर्धा झाला तेवढ्यात साहेबांचा फोन आला, फोटो काढायला पट दोन दिवस हवाय. घेऊन गेले.

त्यांनी फोटो मुंबईच्या कुणा जाणकाराला पाठवले. त्याचं उत्तर आलं, हे हस्तिदंत नाही, साधं हाड आहे.

आणि साहेबांनी हिशोब मांडला. घरात ऐंशी वर्षं हस्तिदंत. वर्कशॉपमध्ये अकरा दिवस. बाहेर आलं ते हाड. म्हणजे कातारी माणसाने एकतीस सोंगट्या बदलल्या!

साहेब आले तेव्हा मी पॉलिशच्या खोलीत होतो. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. थंडपणे अर्बाबला म्हणाले, मला पोलीस कम्प्लेंट करायची नाही, लेकिन आय वॉन्ट माय पीसेस बॅक. आणि रमणदाकडे बघून मराठीत म्हणाले, "तुम्ही आपले लोक म्हणून विश्वासाने दिलं होतं हो." आपले लोक! त्या शब्दाने माझ्या अंगाची लाही लाही झाली. चोर म्हणायच्या वेळी आपले लोक बरे आठवतात.

अर्बाब घाबरला. मोठ्या कंपनीतला माणूस, त्याच्याकडून ऑफिसांची कामं यायची. त्याने सिराजकडून एक कागद टाइप करून घेतला. दुरुस्ती करताना सोंगट्या चुकून बदलल्या गेल्या, मला माफ करा, खाली सही. सही केली की साहेब तक्रार करणार नाहीत, अर्बाब गुपचूप व्हिसा रद्द करून रमणदाला घरी पाठवणार, विषय खलास. विचार करायला गुरुवारपर्यंत मुदत.

रमणदाने कागद माझ्यापुढे धरला. "वाच."

मी वाचला. इंग्रजी माझंही बेताचंच, पण एवढं कळलं.

"चेंज्ड म्हणजे?"

"बदलल्या."

"मी बदललंय?"

"असं लिहिलंय."

त्याने सिराजच्या हातातलं पेन घेतलं, त्याला टोपण घातलं आणि परत दिलं. "ह्येच्यार मी सही करूचंय नाय," म्हणाला आणि लेथवर जाऊन बसला. अर्धवट उंट तसाच लावलेला होता. त्याने मशीन सुरू केली.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि सांगताना मला लाज वाटते. खोलीवर आल्यावर मीच त्याच्या मागे लागलो. म्हटलं, रमणदा, कर सही. पोलिसात गेलं तर कोर्ट, वर्ष दोन वर्षं अडकशील, घरी जाता येणार नाही की काम करता येणार नाही. एक सही, विमानात बस, घरी जा. कोण विचारतंय गावात? सत्तावन्न वर्षांचा झालास, आता किती दिवस राहायचंय इथे?

तो कांदा चिरत होता. चिरायचा थांबला. "तू पॉलिशवालो मा रे," म्हणाला, "तुका वरचाच दिसता."

एवढंच. मला मुस्कटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी जेवलो नाही. त्याने दोन ताटं वाढली, माझं झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने घरी फोन लावला. कलावतीवैनी, त्याची बायको, तिकडे गावाला. स्पीकरवर ठेवला, कारण त्याचा एक कान मशीनने गेलाय. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वैनी म्हणाल्या, "तुमी सोंगटे घेतलास?"

"नाय."

"मगे सही कसली? उपाशी इलास तर दोन घास मी घालीन. चोर म्हणान कागदार लिवन इलास तर दारात उभे रवा नकात. सांगान ठेवतंय."

"तांच मी म्हणतंय," रमणदा म्हणाला, आणि मग दोघं अर्धा तास आंब्याच्या कलमांविषयी बोलले. अशी ती माणसं.

गुरुवारी सकाळी रमणदा अर्बाबसमोर उभा राहिला. म्हणाला, सही नहीं. साहब को बुलाव, पट लेके. उनकी मॅडम को भी बुलाव. सब के सामने बोलेगा. बाद में पुलिस बुलाना है तो मैं खुद चलेगा. अर्बाब म्हणाला, तू वेडा आहेस का? रमणदा म्हणाला, आहे. अर्बाबने त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक त्याला ती चहा न लावलेली पेटी आठवली असावी, आणि त्याने फोन उचलला.

साहेब आले, बरोबर त्यांच्या मिसेस, किशोरीमॅडम. साहेबांचा चेहरा असा, की चला, उरकू या. अर्बाबच्या टेबलावर पेटी उघडली. रमणदाने हात धुऊन पुसून घेतले होते. त्याने पांढरा राजा उचलला आणि उलटा केला.

"साहेब, बूड बघा. मधी लाकडाचा बूच दिसता? नळीचा हाड पोकळ आसता. बूड रुंद करूचा तर मधी भोक रवता, ता बुजवूक लागता. हस्तिदंत भरीव. तेका बूच कित्याक लागात?"

"अहो, हाड आहे हे मलाही कळलंय आता," साहेब म्हणाले. "प्रश्न तोच आहे. आमचं हस्तिदंत कुठे गेलं?"

"सांगतंय." त्याने खिशातून चुकलेला हत्ती काढला आणि टेबलावर ठेवला. ह. "ह्यो मी केलंय. चुकान केलंय, आमच्या अर्बाबच्या फीलामुळे. ह्येचा हाड आताचा, मशीनवर कातलेला. ह्येच्यार नख फिरवा."

साहेबांनी फिरवलं, नाइलाजाने.

"गुळगुळीत. आता तुमच्या हत्तीर फिरवा."

त्यांनी फिरवलं. थांबले. परत फिरवलं.

"खरखरता मा? मशीन एकाच बाजून फिरता. हो दोरीवर कातलेलो आसा. दोरी एकदा हडे, एकदा थडे. पटाशी टेकली, उचलली, टेकली, उचलली. जंय टेकली थंय बारीक पायरी रवता. माझ्या बापसाच्या सगळ्या कामात ती पायरी आसा, मी लहानपणी दोरी वडलंय. ही पायरी मशीनवर काढून दाखवा, मी आत्ता सही करतंय." मग आठही पांढरी प्यादी त्याने एका ओळीत उभी केली. एकाचं डोकं मोठं, एकाची मान लांब, दोन सारखी नाहीत. "आणि मी बदललंय असतंय तर अकरा दिवसात एकतीस सोंगटे, आणि ते पण असे एकमेकासारके नसलेले? आणि बुडाक माझी खूण खय?"

साहेब म्हणाले, "खूण केली नसेल."

रमणदाचा आवाज पहिल्यांदा चढला. "चुकलेल्या हत्तीर खूण केलंय साहेब! जो कोणाक नको, तेच्यार पण केलंय. मी खूण करूक इसरनंय नाय."

मग रमणदाने पांढरा वजीर उचलला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला. हळू बोलला आता.

"मानेकडे बघा. पिवळो पडलो आसा, आणि झिजलो. दोन बोटांची झीज आसा, आंगठ्याची आणि ह्या बोटाची. घ्या धरून. धरा."

साहेबांनी वजीर चालीला उचलतात तसा धरला. बोटं नेमकी त्या झिजेत बसली.

"ही झीज चाळीस-पन्नास वर्षांची. ही मी अकरा दिवसात खयसून आणू? ही तुमच्या आजोबांची बोटां. मी सोंगटे बदललंय म्हणतास, म्हणजे तुमचे आजोबा कधी खेळलेच नाय असा म्हणतास."

साहेबांनी वजीर खाली ठेवला नाही.

एवढ्यात अर्बाबने एकुलता पांढरा उंट हातात घेतला होता आणि रमणदासारखाच उलटा केला होता. "शूफ, शूफ!" म्हणाला, बघा बघा. बुडाला कुणीतरी जुन्या शाईने लिहिलं होतं. इंग्रजी अक्षरं, alfil. "अल् फील! हे तर आमचं अरबी आहे. मी बरोबर लिहिलं होतं कार्डावर, चुकला सिराज!"

सिराज म्हणाला, "अरबी है तो अंग्रेजी में कायकू लिखा?"

"घोड्याखाली पण आहे काहीतरी," साहेब सावरून म्हणाले. "Caballo. ते कारागिराचं नाव आहे. दरबारातला फ्रेंच कारागीर. आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे."

किशोरीमॅडम फोनवर काहीतरी शोधत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "राजीव, कबायो म्हणजे स्पॅनिशमध्ये घोडा. घोड्याखाली घोडा लिहिलंय. आणि त्यांच्यात बिशपला अल्फील म्हणतात. अरबांकडून गेलेला शब्द आहे, असं दिसतंय इथे."

मी हसलो. आवरलंच नाही. ऐंशी वर्षं दरबारचा कारागीर म्हणून मिरवलेला घोडा!

"म्हणजे स्पेनचा?" साहेब म्हणाले.

"स्पेनचो आसात, पण माका वाटता मेक्सिकोचो," रमणदा म्हणाला. "कासमशेठकडे असोच एक इलो होतो, पेटीर मेक्सिकोची चिठ्ठी होती. घोडो असोच, हाडाची चपटी फळी कापून केलेलो, डोळ्याचा भोक सुतारी गिरमिटाचा, आयाळ कानशीन ओरबाडलेली. राजाचे तुकडे असेच आटे पाडून एकात एक बसवलेले. आणि ह्यो लाल रंग हाडान पिलेलो आसा. आमचो लाखेचो रंग वर बसता, नखान निघता. शंभर टक्के म्हणूचंय नाय. शंभर टक्के म्हणता तो दलाल."

"म्हणजे कुठल्या राजाचा वगैरे नाही. गावठी काम," साहेब म्हणाले. मोठ्याने नाही, स्वतःशीच. पण रमणदाचा जो कान चांगला आहे तो त्याच बाजूला होता.

"गावठी म्हणजे काय वो साहेब? गावात केलेला. कोणीतरी तुमच्यासारको नाय, माझ्यासारको, दारात बसान केल्यान. तेचो पोर दोरी वडी होतो. राजासाठी केल्यान नाय, दुसऱ्या कोणाक तरी खेळूक केल्यान. त्येका लाज नाय वाटली, तुमका कित्याक वाटता?"

मी रमणदाला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता उठतात आणि जातात.

तेव्हा किशोरीमॅडम म्हणाल्या, "राजीव, सांग ना. की मी सांगू?"

"किशोरी, प्लीज."

"प्लीज काय? या माणसाला तू चोर म्हणालास." त्या रमणदाकडे वळल्या. "दादा, आजोबा कुठल्या दरबारात नव्हते. बोटीवर भंडारी होते, खलाशांचा स्वयंपाक करायचे. देशोदेशीच्या बंदरांत जायचे. सासूबाईंनी जायच्या आधी मला सांगितलं होतं. घरात ते कुणी बोलत नाही. कुठल्या बंदरात घेतला, कुणाकडून घेतला, देव जाणे. राजेसाहेब नंतर आले, लग्नं जमवायच्या वेळी."

राजीवसाहेबांच्या हातात वजीर तसाच होता. बोटं झिजेत. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "मला पहिली चाल त्यांनीच शिकवली." त्यांचे डोळे भरले होते. खोटं का सांगू, माझा सगळा राग तिथे विझला. आपल्यासारखाच कोणीतरी घर सोडून परक्या मुलखात राबला, आणि घरच्यांनी त्याचं राबणंच पुसून टाकलं.

"ओके," साहेब नाक पुसून म्हणाले. "मिसअंडरस्टँडिंग झालं. सॉरी. विषय संपला."

अर्बाबने हात झटकले. "खलास! यल्ला, चला, चहा आणा."

"खलास नाय," रमणदा म्हणाला.

तो माफीचा कागद टेबलावरच होता. रमणदाने तो घेतला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी. साहेबांपुढे ठेवला. "तोंडान चोर म्हटल्यात, चार माणसांनी ऐकला. आता लिवन द्या. मराठीत. माका वाचूक येवक व्हया."

साहेबांनी अर्बाबकडे पाहिलं. अर्बाबने छताकडे पाहिलं. मग साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि रमणदा सांगेल तसं लिहिलं. हा पट हाडाचा आहे. दोरीच्या लेथवर, गावात केलेला. बहुधा मेक्सिकोचा. राजीव खांबेटे यांच्या आजोबांचा. यातली एकही सोंगटी बदललेली नाही. एक उंट नवा. खाली साहेबांची सही. आणि त्याखाली, चार दिवसांपूर्वी ज्याने पेनाला टोपण घातलं होतं त्याने सावकाश सही केली, रमण मेस्त, कातारी.

रविवारी उंट तयार झाला. साहेब स्वतः घ्यायला आले. म्हणाले, अप्रतिम, फक्त खाली alfil लिहिता येईल का, जोडीला जोड. रमणदाने उंट उलटा करून दाखवला. उं. "जुन्याखाली त्येंचा अक्षर, नव्याखाली माझा," म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. मग विचारलं, तो जास्तीचा हत्तीही देता का, एक्स्ट्रा म्हणून ठेवतो. रमणदा म्हणाला, नाय. तो चुकलेलो आसा, पण माझो आसा. तो हत्ती आता आमच्या खोलीच्या खिडकीत, मोबाइलच्या चार्जरशेजारी उभा असतो.

त्या कार्यक्रमाला साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. शुक्रवार होता. रमणदा म्हणाला, माझे कपडे धुवायचे आहेत. मी गेलो. लोक पैठण्या, तांब्याची भांडी, समया बघत होते. पटाच्या टेबलाशी राजीवसाहेब उभे होते, आणि समोर त्यांच्याच ऑफिसातली बडी माणसं. टेबलावर कार्ड होतं, आजोबांचं नाव, आणि खाली ठळक अक्षरात, बोटीवरचे भंडारी. साहेब एकेक सोंगटी उचलून लोकांना उलटी करून दाखवत होते. "वरून नको, बूड बघा," म्हणत होते. नव्या उंटापाशी थांबले, तोही उलटा केला.

मी बाहेर येऊन रमणदाला फोन लावला.

"काय रे मेल्या, हात ओले आसत माझे."

"साहेबांनी तुझं नाव सांगितलं. सगळ्यांसमोर."

"काय सांगितल्यान?"

"हा उंट रमण मेस्त यांनी केला. कातारी."

पलीकडे नळाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"कातारी म्हटल्यान?"

"म्हटलं."

"बरा," रमणदा म्हणाला. "येताना पाव घेऊन ये."